स्थानिक स्वराज्य संस्थांतील करविषयक निवडणूक आश्वासने आणि प्रत्यक्ष कारभार : जालना जिल्ह्याच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

७३ वी व ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आल्यानंतर ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंतच्या संस्थांना घटनात्मक दर्जा प्राप्त झाला. त्यांच्या निवडणुका घेण्यासाठी राज्य निवडणूक आयोग आणि त्यांच्या आर्थिक स्थितीचा आढावा घेण्यासाठी राज्य वित्त आयोग अस्तित्वात आला. या संस्थांच्या निवडणुकांत राजकीय पक्ष जी आश्वासने देतात, त्यांत करविषयक आश्वासनांचे स्थान अग्रभागी असते. ‘करवाढ होऊ देणार नाही’, ‘घरपट्टी माफ करू’, ‘पाणीपट्टी निम्मी करू’, ‘शास्ती रद्द करू’ या स्वरूपाची वाक्ये बहुतेक पक्षांच्या जाहीरनाम्यांत थोड्याफार फरकाने आढळतात. ही आश्वासने कितपत पाळली गेली, याची चर्चा मात्र पुढील निवडणुकीपर्यंत सहसा होत नाही. झाली तरी ती ‘शब्द पाळला’ किंवा ‘शब्द मोडला’ एवढ्यावरच थांबते.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा जालना जिल्ह्याच्या संदर्भात विचार केला आहे. जालना नगरपरिषदेचे २०२३ मध्ये महानगरपालिकेत रूपांतर झाले आणि १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील अन्य २८ महानगरपालिकांसोबत तिची पहिली निवडणूक झाली. तत्पूर्वी डिसेंबर २०२५ मध्ये जिल्ह्यातील भोकरदन, अंबड व परतूर या नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या होत्या. सुमारे चार वर्षांच्या प्रशासकीय राजवटीनंतर जालना शहराचा कारभार लोकप्रतिनिधींच्या हाती आला आहे. अशा वेळी करविषयक आश्वासनांची तपासणी कोणत्या निकषांवर करावी, हे स्पष्ट होणे आवश्यक ठरते. कराच्या दराविषयीचे आश्वासन अक्षरशः पाळले गेले तरी त्यावरून संस्थेचा करविषयक कारभार कळत नाही. तो मूल्यांकन, वसुली आणि बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई या तीन ठिकाणी शोधावा लागतो, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

कर आकारण्याचा अधिकार नेमका कोणाचा?

राज्यघटनेच्या २६५ व्या अनुच्छेदानुसार कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर बसविता येत नाही. २४३-एच व २४३-एक्स या अनुच्छेदांनी पंचायती व नगरपालिकांना कर बसविण्याचा अधिकार देण्याची मुभा राज्य विधिमंडळाला दिली आहे. हा अधिकार घटनेने त्यांना थेट दिलेला नाही. कोणता कर घ्यावा, त्याची कमाल व किमान मर्यादा काय असावी, सूट कोणाला द्यावी, हे मूलतः राज्याच्या कायद्याने ठरते. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींसाठी १९५८ चा, नगरपरिषदा व नगरपंचायतींसाठी १९६५ चा, तर मुंबईखेरीज अन्य महानगरपालिकांसाठी १९४९ चा अधिनियम लागू आहे. मुंबईसाठी १८८८ चा स्वतंत्र अधिनियम आहे.

या रचनेचा परिणाम करदात्याच्या हाती पडणाऱ्या देयकातही दिसतो. ज्याला सर्वसामान्यपणे ‘घरपट्टी’ म्हटले जाते, ते देयक अनेक करांचे मिळून बनलेले असते. त्यात संस्थेचा स्वतःचा कर असतो. १९६२ च्या अधिनियमानुसार राज्य शासनासाठी वसूल केला जाणारा शिक्षण कर व बिगर-निवासी मालमत्तांवरील रोजगार हमी कर असतो. १९७५ च्या वृक्षसंरक्षणविषयक अधिनियमानुसार वृक्ष कराचाही समावेश होतो. यांपैकी राज्याच्या करांबाबत नगरसेवकाला कोणताही निर्णय घेता येत नाही. म्हणून ‘घरपट्टी माफ करू’ असे म्हणणाऱ्या उमेदवाराने देयकातील कोणती ओळ माफ होणार, हे सांगितलेले नसेल, तर ते आश्वासन अपुरे आहे असे मानावे लागते.

ग्रामीण भागात चित्र आणखी वेगळे आहे. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर लढविली जात नाही. त्यामुळे तेथे ‘पॅनल’ असते, पण पक्षाचा जाहीरनामा औपचारिकरीत्या नसतो. जिल्हा परिषद व पंचायत समितीच्या निवडणुका पक्षचिन्हावर होतात, परंतु या संस्थांचे स्वतःचे करउत्पन्न अल्प असून त्यांचा बहुतांश खर्च शासकीय अनुदानावर चालतो. म्हणजेच जालना जिल्ह्यातील गावांत जेथे कर प्रत्यक्ष आकारला जातो तेथे पक्ष अधिकृतपणे उपस्थित नसतो, आणि जेथे पक्ष उपस्थित असतो तेथे कर फारसा नसतो. करविषयक आश्वासनांची परीक्षा त्यामुळे प्रामुख्याने नगरपरिषदा, नगरपंचायती व महानगरपालिका यांच्याच बाबतीत करता येते.

दर, मूल्यांकन आणि वसुली

मालमत्ता कराची रक्कम दोन घटकांवर ठरते : मालमत्तेचे करयोग्य मूल्य आणि त्यावरील दर. भाडेमूल्यावर आधारित पद्धतीत मालमत्तेपासून वर्षभरात अपेक्षित असलेल्या भाड्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करून करयोग्य मूल्य काढले जाते. एक काल्पनिक उदाहरण घेतल्यास ही बाब स्पष्ट होईल. एका घराचे अपेक्षित मासिक भाडे १,००० रुपये धरले असता वार्षिक भाडे १२,००० रुपये आणि करयोग्य मूल्य १०,८०० रुपये होते. करांचा एकत्रित दर २५ टक्के असल्यास देयक २,७०० रुपयांचे येईल. बारा वर्षांनी त्याच गल्लीत तेवढेच नवे घर बांधले गेले आणि त्या वेळच्या भाड्यानुसार त्याचे मासिक भाडे ३,००० रुपये धरले, तर त्याचे करयोग्य मूल्य ३२,४०० रुपये व देयक ८,१०० रुपये होईल. दर दोन्ही घरांना २५ टक्केच आहे. ‘आमच्या काळात कराचा दर एक पैशानेही वाढला नाही’ हे विधान दोन्ही घरांच्या बाबतीत खरे आहे. तरीही एक कुटुंब शेजाऱ्याच्या तिप्पट कर भरत आहे.

हा फरक टाळण्यासाठीच नगरपरिषदा व महानगरपालिका या दोहोंच्या कायद्यांत आकारणी यादीची किमान चार वर्षांतून एकदा संपूर्ण फेरतपासणी अपेक्षिली आहे. प्रत्यक्षात ही फेरआकारणी लांबणीवर टाकणे सर्वच पक्षांना सोयीचे असते. फेरआकारणी वेळेवर झाली तर वाढ दर चार वर्षांनी थोडी थोडी होते. दहा-पंधरा वर्षांनी झाली तर ती एकदम दुप्पट-तिप्पट वाटते, नागरिक संतप्त होतात, मोर्चे निघतात आणि शासन स्थगिती देते. स्थगिती हे आश्वासनपूर्तीचे यश म्हणून सांगितले जाते. वास्तविक तिने पुढील वाढ अधिक तीव्र करून ठेवलेली असते. नव्या वसाहतीत राहणारा, बहुधा गृहकर्ज फेडणारा रहिवासी या काळात जुन्या पेठेतील रहिवाशापेक्षा अधिक भार सोसत राहतो.

हा अनुभव केवळ महाराष्ट्रापुरता मर्यादित नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९७८ मध्ये मतदारांनी ‘प्रस्ताव १३’ मंजूर केला. त्यानुसार मालमत्ता कराचा दर १ टक्क्यापर्यंत आणि मूल्यांकनातील वार्षिक वाढ २ टक्क्यांपर्यंत मर्यादित झाली. मालमत्ता विकली गेल्यावर तिचे नव्याने मूल्यांकन होते. परिणामी एकाच रस्त्यावरील सारख्या घरांच्या करांत मोठी तफावत निर्माण झाली आणि स्थानिक संस्थांचे राज्य शासनावरील अवलंबित्व वाढले. मात्र कॅलिफोर्नियात हा निर्णय जाहीर मतदानाने झाला. आपल्याकडे तोच परिणाम फेरआकारणीची धारिका पुढे न सरकविल्याने, कोणताही ठराव न होता, साध्य होतो.

तिसरा घटक वसुलीचा होय. समजा, एखाद्या नगरपरिषदेची वार्षिक मागणी १०० रुपये आहे आणि वसुली ६० रुपये आहे. दर १० टक्क्यांनी वाढवून वसुलीचे प्रमाण तेच राहिल्यास हाती ६६ रुपये येतील. दर न वाढविता वसुली ८० टक्क्यांवर नेल्यास ८० रुपये येतील. म्हणजे ‘करवाढ न करता उत्पन्न वाढवू’ हे आश्वासन अशक्य नाही. मात्र त्यासाठी थकबाकीदारांना नोटीस देणे, जप्तीची कार्यवाही करणे आणि त्या कार्यवाहीत प्रभागातील लोकप्रतिनिधीने हस्तक्षेप न करणे आवश्यक असते. वसुली वाढविण्याचे आश्वासन जाहीरनाम्यांत अभावानेच आढळते, कारण प्रत्येक थकबाकीदार हा मतदारही असतो.

जकातमुक्ती : पाळलेल्या आश्वासनाची किंमत

जालना शहराच्या दृष्टीने करविषयक आश्वासनाचे सर्वांत महत्त्वाचे उदाहरण जकातीचे आहे. जालना हे मराठवाड्यातील जुने व्यापारी केंद्र आहे. धान्याची बाजारपेठ, १९६४ मध्ये स्थापन झालेल्या महिकोपासून वाढत गेलेला बियाणे उद्योग आणि नंतरचा पोलाद उद्योग यांमुळे शहरात मालाची आवक-जावक सतत मोठी राहिली. जेथे माल येतो तेथे जकात हा नगरपालिकेचा स्वाभाविक उत्पन्नस्रोत असतो. या करावरील आक्षेपही तितकेच खरे होते. नाक्यावर वाहने खोळंबत, मालाच्या किमतीबाबत वाद होत, गैरव्यवहाराला वाव मिळे आणि व्यापाऱ्याने भरलेला कर अखेर ग्राहकाकडूनच वसूल होई. त्यामुळे जकात रद्द करण्याची व्यापाऱ्यांची मागणी जुनी होती आणि तिला बहुतेक पक्षांनी कधी ना कधी पाठिंबा दिला होता.

राज्यातील शिवसेना-भारतीय जनता पक्ष युती शासनाने १ ऑगस्ट १९९९ पासून नगरपरिषद क्षेत्रांतील जकात रद्द केली. पुढील महिन्यातच विधानसभेच्या निवडणुका झाल्या. जकातीऐवजी नगरपरिषदांना सहायक अनुदान देण्यास सुरुवात झाली. आश्वासनाच्या दृष्टीने पाहिल्यास येथे शब्द पूर्णतः पाळला गेला. कारभाराच्या दृष्टीने पाहिल्यास मात्र एक मूलभूत बदल घडला. शहरातील व्यापार वाढला की वाढणारे उत्पन्न जाऊन, त्याजागी मंत्रालयातून ठरणारी आणि मंत्रालयातून येणारी रक्कम आली. या अनुदानाचा मोठा भाग कर्मचाऱ्यांच्या वेतनावर खर्च होतो, हे राज्यातील नगरपरिषदांचे सर्वसाधारण चित्र आहे. जालन्यात नवा कारखाना उभा राहिला तर रस्ते, पाणी व स्वच्छतेवरील भार शहराचा वाढू लागला. त्या व्यापारवाढीचा थेट कर मात्र शहराच्या तिजोरीत येईनासा झाला.

महानगरपालिकांत जकात पुढे काही वर्षे चालू राहिली. २०१० पासून टप्प्याटप्प्याने मुंबईखेरीज अन्य महानगरपालिकांत तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला. या करालाही व्यापाऱ्यांचा तीव्र विरोध होता आणि तो रद्द करण्याचे आश्वासन २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत दिले गेले. १ ऑगस्ट २०१५ पासून वार्षिक ५० कोटी रुपयांपेक्षा कमी उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना त्यातून वगळण्यात आले. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर जकात व स्थानिक संस्था कर हे दोन्ही संपुष्टात आले. १०१ व्या घटनादुरुस्तीने स्थानिक क्षेत्रात येणाऱ्या मालावरील कराची ५२ वी नोंद राज्य सूचीतून वगळली. त्यामुळे हा कर पुन्हा आणणे आता राज्य शासनाच्याही हाती उरलेले नाही.

महानगरपालिकांच्या भरपाईसाठी राज्याने २०१७ मध्ये स्वतंत्र अधिनियम केला. २०१६-१७ हे आधारवर्ष मानून त्यावर दरवर्षी ८ टक्के चक्रवाढ दराने भरपाई देण्याची तरतूद त्यात आहे. आधारवर्षी १०० रुपये उत्पन्न असलेल्या संस्थेला दहा वर्षांनी या सूत्रानुसार सुमारे २१६ रुपये मिळतील. या सूत्राचा जालन्याशी असलेला संबंध लक्षणीय आहे. २०१६-१७ मध्ये जालना ही नगरपरिषद होती. तिची जकात १९९९ मध्येच संपली होती आणि स्थानिक संस्था कर नगरपरिषदांना लागू नव्हता. आधारवर्षी तिच्या नावावर अशा कराचे उत्पन्नच नव्हते. म्हणजे एकच आश्वासन १९९९ मध्ये आणि २०१५-१७ मध्ये असे दोनदा पाळले गेले. पहिल्या खेपेस ज्या शहरांचा कर गेला, त्यांना दुसऱ्या खेपेच्या शहरांप्रमाणे कायद्याने बांधलेले वाढीचे सूत्र मिळाले नाही. महानगरपालिकेचा दर्जा मिळाला तरी आर्थिक भूतकाळ नगरपरिषदेचाच राहतो.

मालमत्ता कर सवलत : मोठ्या शहरांचे दाखले

जकातीनंतर स्थानिक संस्थांच्या हाती उरलेला प्रमुख कर म्हणजे मालमत्ता कर. साहजिकच आश्वासनांचा रोखही त्याकडे वळला. मुंबई महानगरपालिकेच्या फेब्रुवारी २०१७ च्या निवडणुकीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ करण्याचे आश्वासन शिवसेनेने दिले. मार्च २०१९ मध्ये कायदा दुरुस्त झाला. परंतु माफी देयकातील ‘सर्वसाधारण कर’ या एकाच घटकापुरती ठरली आणि जलनिःसारण, रस्ते, शिक्षण इत्यादी घटक कायम राहिले. संपूर्ण माफीची घोषणा १ जानेवारी २०२२ रोजी झाली आणि त्याच महिन्यात मंत्रिमंडळाने तिला मान्यता दिली. त्या वेळी सुमारे १६ लाख घरांना लाभ होईल आणि वार्षिक सुमारे ४६२ कोटी रुपयांचे उत्पन्न सोडावे लागेल, असा अंदाज देण्यात आला. त्यांपैकी सुमारे ४५ कोटी रुपये राज्य शासनाच्या वाट्याचे होते.

या दाखल्यातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. महानगरपालिकेच्या निवडणुकीत दिलेले आश्वासन पूर्ण करण्यासाठी राज्याचा कायदा बदलावा लागला. ‘पूर्ती’ची एक पायरी २०१९ मध्ये आणि दुसरी २०२२ मध्ये, म्हणजे सभागृहाची मुदत संपत आली असताना, गाठली गेली. तिसरे असे की, सोडलेल्या उत्पन्नाचा फार मोठा भाग स्वतः महानगरपालिकेचा होता.

पुणे व पिंपरी-चिंचवड येथील दाखलेही याच स्वरूपाचे आहेत. पुण्यात मालक स्वतः राहत असलेल्या घरांना १९७० पासून ४० टक्के सवलत होती. लेखापरीक्षणातील आक्षेपानंतर शासनाने ती काढून घेतली आणि २०२३ मध्ये पुन्हा लागू केली. पिंपरी-चिंचवडमध्ये अनधिकृत बांधकामांवर कायद्याच्या २६७-अ कलमान्वये आकारली जाणारी दुप्पट कराची शास्ती रद्द करण्याचे आश्वासन अनेक निवडणुकांत दिले गेले. टप्प्याटप्प्याने सवलती देत अखेर २०२३ मध्ये शासनाने थकीत शास्ती माफ केली. दोन्ही ठिकाणी अंतिम निर्णय महानगरपालिकेच्या सभागृहाचा नसून राज्य मंत्रिमंडळाचा होता.

पाणीपट्टी आणि प्रशासकीय राजवट

मराठवाड्यात पाणीपट्टीचा प्रश्न मालमत्ता कराइतकाच संवेदनशील आहे. जालन्याच्या शेजारील तत्कालीन औरंगाबाद शहरात वार्षिक ४,०५० रुपये असलेली पाणीपट्टी २०२२ मध्ये २,०२५ रुपये करण्यात आली. पाणी अनेक दिवसांच्या अंतराने मिळत असताना पूर्ण आकार का भरावा, हा नागरिकांचा प्रश्न रास्त होता आणि विरोधी पक्षांनी तो रस्त्यावर मांडला. मात्र निर्णय झाला तेव्हा महानगरपालिकेत निर्वाचित सभागृहच नव्हते. कारभार प्रशासकाकडे होता.

जालना शहराला कुंडलिका नदीवरील निजामकालीन घाणेवाडी जलाशयाबरोबरच जायकवाडी धरणातूनही पाणी आणावे लागते. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याची झालेली कोंडी सर्वश्रुत आहे. दूर अंतरावरून पाणी उपसून आणण्यासाठी वीज लागते आणि विजेचे देयक दरमहा येते. पाणीपट्टी कमी ठेवली तर हा फरक अन्य उत्पन्नातून भरावा लागतो, अन्यथा देयके थकतात आणि त्याचा परिणाम पुरवठ्यावर होतो. टँकर किंवा कूपनलिका परवडणाऱ्या कुटुंबाला अनियमित पुरवठा त्रासदायक असतो. नळावरच अवलंबून असलेल्या वस्तीतील कुटुंबाला मात्र स्वस्त पाणीपट्टीचा लाभ पाण्याच्या अभावी मिळतच नाही. म्हणून पाणीपट्टीविषयीच्या आश्वासनासोबत पुरवठ्याचा खर्च कोठून भागेल, हे सांगितले जाणे आवश्यक आहे.

प्रशासकीय राजवटीमुळे मूल्यमापनात आणखी एक अडचण निर्माण होते. जालना नगरपरिषदेची मागील सार्वत्रिक निवडणूक २०१६ च्या अखेरीस झाली. तिची मुदत संपल्यापासून २०२६ पर्यंत कारभार प्रशासकाने पाहिला. या काळातील करविषयक निर्णयांचे श्रेय अथवा दोष कोणत्याही नगरसेवकाला देता येत नाही. प्रशासक शासनाच्या नियंत्रणाखाली असल्यामुळे त्या काळातील निर्णय हा राज्यातील सत्ताधाऱ्यांच्या कारभाराचा भाग मानावा लागतो. मतदार मात्र ‘आमच्या नगरसेवकाने काय केले?’ असे विचारतो आणि उत्तरदायित्व दोन्हीकडून निसटते.

ग्रामपंचायतीचा वेगळा अनुभव

ग्रामपंचायतींसाठी कर व फी नियम १९६० मध्ये करण्यात आले. क्षेत्रफळावर आधारित आकारणीला न्यायालयात आव्हान दिले गेल्यानंतर ३१ डिसेंबर २०१५ रोजी त्यांत सुधारणा होऊन भांडवली मूल्यावर आधारित आकारणी लागू झाली. शासनाने किमान व कमाल दर ठरविले असून त्यांमधील दर निवडण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला आहे. याखेरीज १९५८ च्या अधिनियमातील १४ (१) (ह) या तरतुदीनुसार, देयक बजावल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्य पदास अपात्र ठरू शकतो. कर ठरविणाऱ्याने तो आधी स्वतः भरला पाहिजे, हे तत्त्व या तरतुदीत आहे.

शेजारच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पाटोदा या गावाने वसुलीचा प्रश्न निराळ्या रीतीने हाताळला. सरपंच भास्करराव पेरे पाटील यांच्या काळात तेथे संपूर्ण कर भरणाऱ्या कुटुंबांना धान्य मोफत दळून देण्यासारख्या सुविधा देण्यात आल्या. सवलत करात न देता, कर भरल्यानंतर सेवेच्या रूपाने देण्यात आली. जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत पेरे पाटील स्वतः उमेदवार नव्हते; त्यांच्या कन्येचा त्या निवडणुकीत पराभव झाला. या निकालामागे अनेक कारणे असू शकतात. तथापि चांगल्या करवसुलीची नोंद असली म्हणजे मते मिळतातच असे नाही, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते. वसुलीविषयी पक्ष मौन का बाळगतात, याचे उत्तरही काही अंशी त्यात आहे.

अभय योजना : प्रामाणिक करदात्याचा प्रश्न

नगरपरिषदा व महानगरपालिका यांच्या क्षेत्रांत थकीत मालमत्ता करावर दरमहा २ टक्के शास्ती आकारली जाते. काही वर्षांत ती मूळ कराइतकी किंवा त्याहून अधिक होते आणि वसुली अधिकच अवघड बनते. यावर उपाय म्हणून शास्ती अंशतः किंवा पूर्णतः माफ करणारी ‘अभय योजना’ जाहीर केली जाते. नगरपरिषदा व नगरपंचायतींत अशी योजना राबविता यावी, यासाठी राज्य शासनाने २०२५ मध्ये निर्णय घेतला. अडकलेली मूळ रक्कम हाती येते, ही या योजनेची जमेची बाजू होय. परंतु तीच योजना वारंवार येऊ लागल्यास, थांबणे हेच फायद्याचे आहे असा निष्कर्ष करदाता काढतो. मुदतीत कर भरणारा शिक्षक, लिपिक अथवा छोटा दुकानदार या व्यवहारात प्रत्येक वेळी तोट्यात राहतो. शास्तीमाफीचे आश्वासन हे म्हणूनच कर कमी करण्याचे आश्वासन नसून कर वेळेवर न भरणाऱ्यांना दिलेले आश्वासन आहे, हा भेद लक्षात ठेवला पाहिजे.

अनुदानाच्या अटी आणि जालना महानगरपालिकेपुढील निर्णय

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या कालावधीत नागरी संस्थांच्या अनुदानासाठी मालमत्ता कराचा किमान दर अधिसूचित करण्याची आणि राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या वाढीच्या प्रमाणात करवसुलीत वाढ दाखविण्याची अट घातली. म्हणजे ‘करवाढ नाही’ असे स्थानिक पातळीवर सांगणारा पक्ष आणि केंद्राच्या अनुदानासाठी करउत्पन्न वाढविण्यास बांधलेले शासन, हे अनेकदा एकाच पक्षाचे असतात. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नगरपालिका वित्तविषयक अहवालानुसार देशातील नागरी संस्थांचे उत्पन्न व खर्च दीर्घकाळ सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १ टक्क्याच्या आसपासच रेंगाळले आहे. या मर्यादित उत्पन्नात स्वतःच्या कराचा वाटा घटत गेल्यास संस्थेचे निर्णयस्वातंत्र्य आणखी आकुंचित होते.

२०११ च्या जनगणनेनुसार सुमारे २ लाख ८५ हजार लोकसंख्या असलेल्या जालन्यात हा प्रश्न आता प्रत्यक्ष निर्णयाचा बनला आहे. महानगरपालिका अधिनियमाच्या ९९ व्या कलमानुसार पुढील आर्थिक वर्षाचे कराचे दर २० फेब्रुवारीपर्यंत निश्चित करावयाचे असतात. जानेवारीच्या मध्यावर निवडणूक झाल्यानंतर महापौरांची निवड, स्थायी समितीची रचना आणि दरांचा विचार यांसाठी पहिल्या वर्षी अत्यल्प दिवस उपलब्ध होते. त्यामुळे नव्या सभागृहाच्या धोरणाची खरी कसोटी २०२७-२८ पासूनचे दर आणि चार वर्षांच्या आत होणारी फेरआकारणी यांत लागेल.

मूल्यमापनाची रीत

निवडणूक आश्वासने न्यायालयातून अमलात आणता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने सुब्रमण्यम बालाजी प्रकरणात २०१३ मध्ये जाहीरनाम्यातील आश्वासने ही ‘भ्रष्ट मार्ग’ या व्याख्येत बसत नाहीत असा निर्णय दिला, आणि जाहीरनाम्यांबाबत मार्गदर्शक तत्त्वे तयार करण्यास भारत निवडणूक आयोगाला सांगितले. स्थानिक निवडणुका त्या आयोगाच्या नव्हे, तर राज्य निवडणूक आयोगाच्या कक्षेत येतात. तेव्हा तपासणीची जबाबदारी मुख्यतः नागरिक, अभ्यासक व महाविद्यालये यांच्यावर येते.

त्यासाठी लागणारी कागदपत्रे उपलब्ध असतात. ग्रामपंचायतीत नमुना ८ ही करआकारणीची व नमुना ९ ही मागणीची नोंदवही असते. नागरी संस्थांत मागणी, वसुली व थकबाकी यांची विवरणपत्रे, वार्षिक अंदाजपत्रक आणि स्थानिक निधी लेखापरीक्षेचे अहवाल असतात. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या चौथ्या कलमानुसार यांतील बरीच माहिती संस्थेने स्वतःहून प्रसिद्ध करणे अपेक्षित आहे. या कागदपत्रांच्या आधारे प्रत्येक करविषयक आश्वासनाला पुढील प्रश्न विचारता येतील :

१. आश्वासन देणाऱ्या संस्थेला तो निर्णय घेण्याचा कायदेशीर अधिकार आहे काय, की तो राज्य शासनाचा आहे?
२. देयकातील कोणता घटक कमी होणार आहे?
३. मागील फेरआकारणी कोणत्या वर्षी झाली व पुढील केव्हा होणार?
४. चालू मागणीच्या किती टक्के वसुली झाली आणि थकबाकी कोणत्या प्रकारच्या मालमत्तांकडे आहे?
५. सोडलेल्या उत्पन्नाची भरपाई कोण, किती व किती वर्षे करणार?

निष्कर्ष

१. जकातीच्या बाबतीत करमुक्तीचे आश्वासन पाळले गेले. तथापि त्याबरोबर जालन्यासारख्या व्यापारी शहराचा व्यापाराशी निगडित असलेला स्वतःचा उत्पन्नस्रोत संपला आणि त्याची जागा अनुदानाने घेतली.

२. मालमत्ता करातील मोठ्या सवलती राज्य शासनाच्या निर्णयानेच प्रत्यक्षात आल्या. त्यामुळे स्थानिक निवडणुकीतील असे आश्वासन हे बहुतांशी राज्यातील सत्तेच्या आधारावर दिलेले असते.

३. दर न वाढविण्याचे आश्वासन पाळताना फेरआकारणी टाळली गेल्यास करभाराची विषमता वाढते आणि तिचा भार नव्या मालमत्ताधारकांवर पडतो.

४. वारंवारच्या शास्तीमाफीने नियमित करदात्याचे नुकसान होते. वसुलीत सातत्य राखल्यास दरवाढीशिवायही उत्पन्न वाढविता येते.

५. जालना जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या राज्यशास्त्र, अर्थशास्त्र व वाणिज्य विभागांनी आपल्या परिसरातील नगरपरिषद, नगरपंचायत अथवा ग्रामपंचायतीच्या मागणी-वसुलीची आकडेवारी दरवर्षी संकलित केल्यास पाच वर्षांत प्रत्येक संस्थेच्या कारभाराचा विश्वसनीय आलेख तयार होऊ शकेल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी हा विषय सहज हाताळता येण्याजोगा आहे. २०२६ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत संपेल तेव्हा जालन्याच्या मतदाराने केवळ नवा जाहीरनामा वाचून मत ठरवू नये. त्याच्यासमोर मागील पाच वर्षांची आकारणी व वसुलीही असावी.